मुठीचं माप

चिमामावशी, आज एस.टी.ने तीन दिवसांची वर्तमानपत्रं एकदम आणून टाकली. पिरंगुटाच्या चढावर गाडी बंद पडली होती म्हणे. बऱ्याच दिवसांनी मी सवयीने ओट्यावर येऊन बसले, घडी मोडली आणि पहिला मथळा मोठ्याने वाचला. वाचला आणि थांबले. मथळा झाला की तू विचारायचीस, "बरं. मग आपलं काय त्यात?" दिल्लीत अंदाजपत्रक मांडलं, आपलं काय त्यात? साखरेवर कर बसला, आपलं काय त्यात? दहा वर्षं त्या प्रश्नाने मला वैताग आणला होता. आज तो आला नाही, तर मला पुढची ओळ वाचवेना. तिन्ही अंक तसेच घडी घालून ठेवून दिले.

तू गेलीस त्याला दोन महिने होतील. मी तुझ्याशी रोज बोलते, पण मनातल्या मनात. आणि मनातल्या मनात तू फारच शहाण्यासारखी गप्प बसतेस, ते काही मला खरं वाटत नाही. म्हणून आज लिहायला बसले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. पुण्याला भावाकडं यंदा गेले नाही. दुपारची वेळ आहे, धरणाचं पाणी पार खाली गेलंय आणि तुझ्या माहेरच्या घरांची जोती उघडी पडलीत. तुला सांगण्यासारखी एक गोष्ट घडली आहे, मावशी. आपल्या कणगीचे पैसे वाटून झाले.

हो, परवा, अक्षय्यतृतीयेला, तुझ्या आखितीला. ते वाटायचे कसे, यावरून तू आणि मी दहा वर्षं भांडलो. आणि भांडण अर्ध्यावर टाकून तू खुशाल निघून गेलीस. मला एकटीला ते सगळ्या जणींसमोर निस्तरावं लागलं. कसं निस्तरलं ते सांगते. पण तू उतावळी. थांब जरा, पहिल्यापासून सांगू दे.

मी या गावात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. पुण्याहून आलेली मास्तरीणबाई! तू मला ओट्यालगतची खोली दिलीस, भाडं ठरवलंस. जेवणाच्या पैशांचं विचारलं, तर म्हणालीस, "दोन घास जास्तीचं शिजलं तर चूल काय मोडती व्हय?" मी चार दिवस आग्रह केला, पाचव्या दिवशी केला नाही. चारचौघांत मला "बाई, तुमी" म्हणायचीस आणि घरात "ए भवाने, हात धू आदी". मी "चिमाबाई, तुम्ही"वरून "मावशी, तू"वर कधी घसरले, ते मलाही आठवत नाही. पुण्यात माझ्या सख्ख्या मावशीला मी अजून अहोजाहो करते.

शाळेत वर्तमानपत्र यायचं, एक दिवस शिळं. पाच वाजता शाळा सुटली की मी ते ओट्यावर घेऊन यायची. तू सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायचीस. हळूहळू शेजारची भागूबाई आली, मग आणखी पाचसहा जणी. हात निवडायला आणि कान बातमीला. त्यातच एक दिवस मी वाचलं, देशाच्या विकासासाठी प्रत्येक घराने अल्पबचत करावी. तू नेहमीप्रमाणे विचारलंस. मी म्हटलं, "आपलं हे, की तूही बचत करायची."

"कशाची?"

"पैशाची, आणखी कशाची?"

तू सगळ्या जणींकडं बघितलंस आणि म्हणालीस, "पैका बाप्यांच्या खिशात ऱ्हातोय. आमच्या हाताला काय लागतं? रोज शिजवायचं तांदूळ, तेवढं लागतं." सगळ्या हसल्या. मी आपली पुढची बातमी वाचायला घेतली. पण तुझं डोकं तिथंच अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तोवर तू बायकांना गोळा करून बसली होतीस. रोज भात घालताना एक मूठ तांदूळ बाजूच्या मडक्यात. बाजाराच्या आदल्या दिवशी मडकी तुझ्या ओट्यावर आणायची आणि एकाच कणगीत ओतायची. वर्षातून दोनदा तांदूळ विकायचे आणि पैसे पोस्टात टाकायचे. दहा वर्षं त्यांना हात लावायचा नाही. "मुठीनं कुनाचं प्वाट रिकामं ऱ्हात न्हाई," तू म्हणालीस, "आन बाप्यांना पत्ता बी लागत न्हाई." पुण्यात मी अर्थशास्त्रावरची व्याख्यानं ऐकली आहेत. पण बाईच्या हातात नेमकं काय असतं, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नव्हतं.

बारा जणी झालो. आखितीचा दिवस धरून सुरुवात केली. पोस्टात बारा जणींचं एक खातं निघेना, म्हणून ते तुझ्या-माझ्या दोघींच्या नावावर काढलं. मी सही केली आणि तू अंगठा. अंगठ्याला लागलेली शाई पदराने पुसताना माझ्याकडं बघून म्हणालीस, "पुढल्या बारीला म्या बी सही करनार." आणि केलीस. 'चि' काढायला तुला तीन आठवडे लागले, पण केलीस.

हातातली जमीन विकून रोकड जपावी, असं कुणी म्हटलं की तू भडकायचीस, आणि का ते मला तूच दाखवलंस. एका मे महिन्यात तू मला त्या उघड्या जोत्यांवर घेऊन गेलीस. "हितं आमचा परडा. हितं आय भात झोडायची. धरन झालं, सरकारनं नोटा दिल्या. बापानं आवघ्या जल्मात तेवढ्या नोटा बगितल्या नव्हत्या. लगीन केलं, बैल घेतलं, पावन्यांस्नी वाटलं. दोन सालात समदं संपलं. जमीन व्हती तवा खात व्हतो, नोटा व्हत्या तवा नाचलो." मी म्हटलं, म्हणूनच तर पोस्टात ठेवायचं, तिथं व्याज मिळतं. व्याज म्हणजे काय, ते मी मग तासभर समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजी गाळपेर. पानी सरलं की गाळ ऱ्हातो, त्यात जे वायलं उगवतं त्ये याज." मावशी, मी अजून मुलांना व्याज असंच शिकवते.

आणि नये पैसे आले तेव्हाची तुझी ती गंमत! मी तुम्हा सगळ्या जणींना फळ्यावर लिहून दाखवलं, एका आण्याचे सहा नये पैसे, चार आण्यांचे पंचवीस. तू खडूच्या त्या आकड्यांकडं बराच वेळ बघत बसलीस. दुसऱ्या दिवशी दुकानदार माझ्याकडं तक्रार घेऊन आला. तू एक आण्याची चहाची पुडी घेतलीस, सहा नये पैसे दिलेस, दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. अशा चार खेपा. चार आण्यांचा चहा चोवीस पैशांत! "बाई, तुमीच ह्यांना शिकवलंय," तो हात जोडून म्हणाला. तू आत चुलीपुढं पदर तोंडाला लावून हसत होतीस. तो वाचवलेला एक पैसा तू देव्हाऱ्यात ठेवलास. अजून तिथंच आहे, काळा पडलाय.

दूर कुठली तरी बँक बुडाल्याची बातमी मी वाचली, त्या दिवशी मात्र ओट्यावर कुणी हसलं नाही. बायकांचे चेहरे पांढरे पडले. भागूबाई म्हणाली, "आपलं काडून घ्या, बाई." मी पोस्ट वेगळं, सरकारचं असतं, वगैरे सांगत बसले. तू सूप उचलून आत गेलीस. सकाळी उठून चालत पोस्टात गेलीस आणि पोस्टमास्तरला म्हणालीस, "आमचा पैका दाखव." त्याने पुस्तकातली नोंद दाखवली. "ह्यो कागुद झाला. पैका दाखव." शेवटी त्या बिचाऱ्याने पेटीचं झाकण उघडून नोटा दाखवल्या. तू वाकून बघितल्यास. "हां. ऱ्हाऊ दे हितंच," म्हणालीस आणि घरी आलीस. त्यानंतर एकीनेही पैसे काढायचं नाव काढलं नाही. माझ्या तासभराच्या भाषणाने झालं नव्हतं ते!

आता आपल्या भांडणाकडं येते. भांडण सुरू झालं राहीवरून. राही वरच्या वाडीतली, डोंगरातली. लावणीला-कापणीला मजुरीवर यायची आणि मजुरीत तांदूळ घेऊन जायची. जाडा, तांबडा तांदूळ. कणगीचं ठरत होतं तेव्हा बाजूला उभी राहून तिने सगळं ऐकलं आणि दबकत विचारलं, "मावशे, म्या टाकली मूठ तर चालंल का?" तू म्हणालीस, "तुला बी पाच बोटंच हायेत नव्हं?" झाली बारावी.

बाकीच्यांचा आंबेमोहर. कणगी उघडली की ओटाभर वास सुटायचा. राहीचा तांदूळ त्यात पडला आणि पौडच्या व्यापाऱ्याने पहिल्याच खेपेला कणगीत हात घालून नाक मुरडलं. "ही खिचडी हाय. भाव जाड्याचाच मिळंल." मी घरी येऊन तुला आकडे मांडून दाखवले. मी म्हटलं, दोन कणग्या कर, एक आंबेमोहराची, एक जाड्याची, कुणाचंच नुकसान नको. तू म्हणालीस, "दोन कनग्या झाल्या की दोन ओटं व्हत्याल." मी म्हटलं, "हे अर्थकारण आहे, मावशी, भावकी नव्हे." तू म्हणालीस, "तुपलं अर्थकारण शाळंत ठेव. ओटा मपला हाय."

मग मी मापाचा हट्ट धरला. प्रत्येकीची मूठ वेगळी. भागूबाईचा हात केवढा, आणि श्रावणात राहीच्या मडक्याचा तर नुसता तळ झाकलेला. दहा वर्षांनी सगळ्यांना सारखा वाटा द्यायचा, हे कुठल्या गणितात बसतं? तू म्हणालीस, "मूठ म्हंजी मूठ. जिच्यापाशी जेवढं, तेवढ्यातली." मी ऐकेना. शाळेत दुधाच्या भुकटीसाठी तराजू आला होता. तो मी आणला, एक वही घातली आणि दर आठवड्याला मडकी तोलून लिहायला लागले. तू अडवलं नाहीस. "लिव की बापडे. लिवल्यानं तांदूळ वाडत बी न्हाई आन घटत बी न्हाई." तराजूवर राहीचं मडकं आलं की ती दुसरीकडं बघायची, हे मी तेव्हा बघितलं होतं. बघितलं आणि वजन लिहिलं. सगळ्यात शेवटी तुझं मडकं आणि माझं मडकं, की झालं काम. सुट्टीचे आठवडे सोडले तर एकही आठवडा मी चुकवला नाही. मुलांचं शुद्धलेखन तपासतानाही जितक्या मायेने मी चूक शोधत नाही, तितक्या मायेने मी ती वही जपली. मला तुला एक दिवस खोटं पाडायचं होतं.

आता शेवटचा खटका. तुला ताप चढायच्या दोन दिवस आधी. जेवायला बसलो होतो. दहा वर्षं भरत आली होती आणि तू म्हणालीस, आखितीला समद्यांस्नी सारकं वाटायचं. राहीने म्हैस बघून ठेवली आहे, तेही म्हणालीस. म्हशीचा धनी आखितीपर्यंत थांबणार आहे. मी ताटावरूनच म्हटलं, "वजनावर वाटलं तर राहीला म्हशीचं दावं येईल फार तर."

"म्हनून तर सारकं वाटायचं."

मला इतका राग आला, मावशी! एवढी वर्षं केलेलं काम तू अशी एका वाक्यात मोडीत काढलीस. मी म्हटलं, "हे बघ, साधी गोष्ट आहे. ज्याने टाकलं नाही, त्याने घ्यायचं नाही. नाहीतर त्याला बचत म्हणू नकोस, भीक म्हण."

तू माझ्याकडं बघितलंस. मग हसलीस. "भात घे अजून," म्हणालीस. मला वाटलं, तुझ्याकडं उत्तर नाही म्हणून विषय बदलतेस. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुला ताप होता आणि नंतर बोलण्यासारखं काही तू बोललीच नाहीस. माझं 'चुकलं' तसंच राहिलं. तेव्हा तर मला ते चुकलं असंही वाटत नव्हतं.

तू गेल्यावर मडकी येणं थांबलं. खातं राहिलं एकट्या माझ्या नावावर. आखिती जवळ आली तशी भागूबाई एक दिवस आली आणि म्हणाली, "बाई, तुमची वही काडा. वजनावर वाटा. तुमीच दहा वरीस म्हनत व्हता. आमच्या घरचा आंबेमोहर ग्येलाय त्यात." आणखी दोघी-तिघींनी मान हलवली. माझंच बोलणं माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं. राही त्याच संध्याकाळी आली. तिला कळलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हशीवाल्याला न्हाई म्हनून सांगू का, बाई? त्यो बिचारा खोळंबलाय." मी म्हटलं, थांब, बेरीज होऊ दे.

आणि मी बेरीज केली. आखितीच्या आदल्या रविवारी, सकाळी बसले ती दुपारपर्यंत. दहा वर्षांचे आठवडे, बारा जणींचे रकाने. सगळ्यात खाली राही, ते अपेक्षितच होतं. तिच्या वर कोण, तर तू. मला नवल वाटलं. तुझ्या घरात तर तांदळाला तोटा नव्हता. आणि सगळ्यात वर? मला वाटलं होतं भागूबाई. पण नाही. सगळ्यात वर होतं 'बाई'. मी! खोटं कशाला बोलू, मावशी, क्षणभर बरं वाटलं. शिस्तीचं फळ, असंही मनात आलं. श्रावण-भाद्रपदातसुद्धा माझं मडकं कधी हलकं झालेलं नव्हतं.

मग भूक लागली. तुझ्यामागं महिनाभर शेजारणींनी डबा दिला, आता मीच काहीतरी रांधते. भात तळाला लागतो आणि वर कच्चा राहतो. मी डब्यातून तांदूळ काढले, धुवायला घेतले आणि सहज मनात आलं, चला, मूठ बाजूला काढावी. हात डब्यात घातला आणि तो तसाच राहिला. ही मूठ मी आयुष्यात पहिल्यांदा काढत होते.

दहा वर्षांत मी कधी चूल पेटवली नव्हती, कधी तांदूळ घेतला नव्हता. तू दर आठवड्याला दोन मडकी तराजूत ठेवायचीस, "ह्ये मपलं, ह्ये बाईंचं". आणि मी, वहीवाली, गणितवाली, दोन्ही तोलून लिहून घ्यायची. माझ्या मडक्यात तांदूळ कुठून येतात, हे मी एकदाही विचारलं नाही. जसं ताटात भात कुठून येतो, हे विचारलं नाही. तुझा रकाना राहीच्या खालोखाल का, ते आता वेगळं सांगायला नको. तुझी मोठी मूठ माझ्या मडक्यात पडत होती आणि उरलीसुरली तुझ्या. मी डब्यापाशी खाली बसले आणि रडले. तू गेलीस तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. भात त्या दिवशी झालाच नाही.

आखितीला सगळ्या जमल्या. तुझी जागा मोकळी सोडून बसल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. राही पायरीवर, अर्धी आत अर्धी बाहेर. भागूबाई म्हणाली, "वाचा, बाई."

मी वही उघडली. म्हटलं, "वजनावर वाटायचं तर सगळ्यात मोठा वाटा माझा येतो." भागूबाईने भुवया चढवल्या. "आणि माझ्या मडक्यातली एकही मूठ मी टाकलेली नाही. सगळ्या मावशीने टाकल्या आहेत. ज्याने टाकलं नाही त्याने घ्यायचं नाही, हा नियम माझाच आहे. तेव्हा पहिलं नाव माझं कापा."

मला वाटलं होतं, एकच गलका होईल. पण सगळ्या खाली बघत बसल्या. पायरीवरून राही म्हणाली, "बाई, आमाला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"ह्येच. समद्यास्नी ठावं व्हतं. मावशीनं सांगितलेलं, बाईंच्या म्होरं बोलू नगा, पोर मनाला लावून घेती."

मी भागूबाईकडं बघितलं. ती पदराच्या टोकाला उगाच पीळ घालत होती. दहा वर्षं ओट्यावर मी राहीचं मडकं तोलत होते आणि त्या अकरा जणी मला बघत होत्या. एकीनेही कधी शब्द काढला नाही. भागूबाईनेसुद्धा नाही, तिची जीभ तुला माहीत आहे. शेवटी तीच खाकरली. "मिटवा आता त्ये. सारकं वाटा. उगं पोथी लावलीया." असं म्हणून तिने माझ्या हातातली वही घेतली आणि सुपाखाली ठेवून दिली.

सारखं वाटलं, मावशी. तुझा वाटा घ्यायला तुझी लेक नेऱ्याहून आली होती. मी माझाही वाटा तिला देऊ केला, तो तुझाच म्हणून. तिने हात मागं घेतला. "आयनं तुमच्या नावानं टाकलाया. म्या कशी घेऊ?" अगदी तुझ्यासारखी मान उडवली. तेव्हा तो पोस्टातच आहे. त्यावर व्याज चढतंय आणि मला तो काढवत नाही.

राहीची म्हैस काल आली. खालच्या अंगाने, जोत्यांवरून चालवत आणली तिने, तुझ्या परड्यातून. ओट्यापुढं थांबवली. मला म्हणाली, "हात तरी लावा, बाई." मी लावला. मला जनावराची भीती वाटते हे तुला माहीत आहे, तरी लावला.

आणि कणगी पुन्हा सुरू झाली आहे. पुढची दहा वर्षं. तुझ्या जागी राहीची सून आली. आज सगळ्यांनी आपापली मडकी आणली, मीही आणलं. माझ्या मुठीत काय मावतं गं, इवलंसं. पहिली राहीच पुढं झाली. ती थांबली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, तराजू?" मी म्हटलं, "शाळेत ठेवला. दुधाच्या भुकटीला लागतो." तिने मडकं ओतलं. या वेळी तिने दुसरीकडं बघितलं नाही.

तुझ्याशी फक्त एवढं एक बोलायचं राहिलं आहे. त्या दिवशी ताटावर मी तुला सुनावलं, ज्याने टाकलं नाही त्याने घ्यायचं नाही. तुझ्या घरात, तुझ्या ताटात, तुझा भात कालवताना. तुझ्यापाशी उत्तर होतं. "आन तुपली मूठ कुटं हाय गं, भवाने?" एवढं विचारायचा अवकाश, दहा वर्षांचं भांडण तू तिथंच जिंकली असतीस. माझी मान पुन्हा वर झाली नसती. ते तुला दिसलं असणार. म्हणून तू हसलीस आणि म्हणालीस, "भात घे अजून."

आणि मी घेतला, मावशी. ताट पुढं करून घेतला.